एका कोठडीत दोन साप : अन्न देण्याचा अवघड प्रश्न

अनमोड घाट चढून रामनगरमार्गे दांडेलीकडे जाणाऱ्या गोमंतकीय पर्यटकांना कुळगी हे गाव अपरिचित नाही. जोयडा तालुक्यातील, म्हणजे जुन्या सुपे महालातील, हे लहानसे गाव दांडेलीपासून सुमारे 12 किलोमीटरवर असून तेथे वनखात्याचे निसर्ग शिबिर आहे. सभोवतालचे अरण्य काळी व्याघ्र प्रकल्पात मोडते. दांडेली अभयारण्य व अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून 2007 साली हा प्रकल्प अस्तित्वात आला आणि 2015 मध्ये त्याला काळी नदीचे नाव मिळाले. वाघ आणि धनेश पाहण्याच्या ओढीने लोक तेथे जातात. परंतु या अरण्यातील एक रहिवासी असा आहे की, सापांच्या आहाराविषयीचा कोणताही विचार त्याच्यापासून सुरू व्हावा. तो म्हणजे नागराज.

नागराजाच्या प्रजातिसमूहाचे शास्त्रीय नाव ‘ऑफिओफेगस’. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ साप खाणारा असा होतो. पश्चिम घाटातील नागराज ही आग्नेय आशियातील नागराजाहून वेगळी जाती असल्याचे 2024 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मांडण्यात आले व तिला ‘ऑफिओफेगस काळिंगा’ हे नाव देण्यात आले. कन्नड मुलखात या सापाला काळिंग म्हणतात. शास्त्राने लोकांचेच नाव उचलले, ही समाधानाची बाब आहे. या नागराजाचे भक्ष्य म्हणजे धामण, नाग, चापडा यांसारखे साप. आगुंबे परिसरातील अभ्यासात तर नर नागराजाने मादीला ठार केल्याचीही नोंद झाली आहे. सहवास हा मानवी शब्द सापांच्या बाबतीत किती जपून वापरावा लागतो, हे एवढ्यावरून ध्यानात यावे.

दोन साप एकाच कोठडीत ठेवून त्यांना खाऊ घालता येईल काय, हा प्रश्न प्राणिसंग्रहालये, सर्पोद्याने, विषसंकलन केंद्रे आणि अलीकडे शहरांतील हौशी पाळणारे अशा सर्वांपुढे येतो. मण्यार व नागराज यांच्यापुरते उत्तर सरळ नकाराचे आहे, कारण साप हे त्यांचे नेहमीचे अन्न आहे. नाग उंदीर व बेडूक खातो, तथापि संधी मिळाल्यास सापही सोडत नाही. खरी गुंतागुंत उंदरांवर जगणाऱ्या, एरवी परस्परांच्या वाटेला न जाणाऱ्या सापांच्या बाबतीत उद्भवते. दोन अजगर महिनोन्महिने एकाच पेटीत निमूटपणे पडून राहतात. पाळणाऱ्याला वाटते की, त्यांची मैत्री जमली. मग एके दिवशी उंदीर आत जातो.

साप भक्ष्य ओळखतो ते मुख्यत्वे गंधाने. जिभेची दोन टोके हवेतील गंधकण टिपतात आणि टाळूतील जेकबसनच्या इंद्रियाकडे पोहोचवतात. अजगरादी सापांना ओठांवरील खाचांमुळे उष्णताही जाणवते. पेटीत उंदराचा वास पसरला की, हलणारी प्रत्येक उबदार वस्तू भक्ष्य ठरू शकते. त्यात शेजारी साप आला आणि त्याच्या अंगाला उंदराचा स्पर्श झालेला असला, तर त्याचा चावा घेतला जाणे स्वाभाविकच होय. चावणारा वैरभावाने चावत नाही. गंधाच्या आज्ञेने चावतो.

याहून बिकट प्रसंग एकाच उंदराला दोघांनी दोन टोकांनी धरल्यावर येतो. सापाचे दात मागे वळलेले असतात आणि जबड्याच्या दोन्ही बाजू आळीपाळीने पुढे सरकत भक्ष्य आत ओढतात. ही क्रिया एकदा सुरू झाली की, ती मध्येच थांबवून निर्णय बदलण्याची सोय सापाच्या शरीररचनेत फारशी नाही. दोघांची तोंडे उंदराच्या मध्यावर भेटतात. मोठ्याचा जबडा धाकट्याच्या डोक्यावरून पुढे जातो आणि उंदरासोबत सोबतीही गिळला जातो. असे झाल्यावर पुष्कळदा गिळणाराही वाचत नाही, कारण लांबीने जवळजवळ आपल्याएवढा प्राणी पोटात सामावणे वा पचणे त्याला जड जाते. अशा वेळी दोघांना ओढून सोडवू नये. दात तुटतात, जबडा फाटतो. तोंडावर थंड पाण्याची धार सोडली असता पकड सैल होण्याची शक्यता असते आणि अनुभवी रक्षक प्रथम तोच उपाय करतात.

यावरील खबरदारी सांगायला सोपी, पाळायला कंटाळवाणी. प्रत्येक साप अन्न देण्यापूर्वी वेगळ्या, झाकण असलेल्या पेटीत न्यावा. भक्ष्य मेलेले असावे, कारण कोंडलेल्या जागेत जिवंत उंदीर सापाचे डोळे व पाठ कुरतडतो. ते लांब चिमट्याने द्यावे, हाताने नव्हे. आकार सापाच्या सर्वांत जाड भागाच्या घेराएवढा असावा. गिळून झाल्यावर लगेच परत एकत्र सोडू नये. तोंडाला व अंगाला लागलेला वास जाईपर्यंत थांबावे. पुढील दोन दिवस सापाला हाताळू नये, अन्यथा तो खाल्लेले ओकतो. परंतु येथेच पेच आहे. वेगळ्या पेटीत नेऊन पुन्हा आणणे हेही हाताळणेच. म्हणून ज्यांना सापांचा खरा अनुभव आहे ते मुळात एका पेटीत एकच साप ठेवतात, आणि त्यांचेच बरोबर आहे.

एकत्र ठेवण्याचे आणखी एक नुकसान नजरेस पडत नाही. दुबळा साप उबेची जागा बळकट सापाला सोडून देतो. ऊब नसेल तर अन्न पचत नाही, आणि न पचल्यास तो खाणेच टाकतो. पेटीत ओकारी वा विष्ठा दिसली तरी ती कोणाची हे कळत नाही. बॉल पायथनसारखा साप स्वभावतःच कधी कधी महिनोन्महिने उपाशी राहतो. तेव्हा वजनाची नियमित नोंद नसेल, तर उपास आणि आजार यांतील भेद वेळेवर लक्षात येत नाही.

सर्वच साप एकलकोंडे नसतात, हेही नमूद केले पाहिजे. कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात गार्टर साप हिवाळ्यात हजारोंच्या संख्येने एकाच बिळात राहतात. मात्र ते तेथे जेवायला जमत नाहीत. थंडीपासून बचावासाठी जमतात.

महाराष्ट्रात बंदिस्त सापांच्या सहवासाचा गाजलेला प्रसंग 1980 सालचा. नीलिमकुमार खैरे यांनी 72 विषारी सापांसोबत काचेच्या खोलीत 72 तास काढले. पुढे 1986 साली पुण्यात कात्रज येथे उभ्या राहिलेल्या सर्पोद्यानाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. सापांविषयीची भीती घालवणे हा त्यामागील हेतू होता. तीन दिवस अन्न न मिळणे हा सापाच्या दृष्टीने उपासही नव्हे. त्यामुळे तेवढ्या मुदतीत आहाराचा प्रश्न उभा राहत नाही. तो उभा राहतो दीर्घकाळ साप बाळगणाऱ्यांपुढे. तामिळनाडूत 1978 साली स्थापन झालेल्या इरुळा सर्पपकड्यांच्या सहकारी संस्थेने वेगळा मार्ग काढला. तेथे नाग, मण्यार, घोणस व फुरसे कापडाने तोंड बांधलेल्या मातीच्या मडक्यांत काही आठवडे ठेवतात, विष काढतात आणि पुन्हा रानात सोडतात.

नागपंचमीच्या दुधाचाही उल्लेख येथे अस्थानी ठरू नये. दूध हे सापाचे अन्न नाही व ते त्याला पचत नाही. तहानेने व्याकूळ केलेला साप समोर येईल तो द्रव पितो, एवढेच.

घरात साप पाळण्याची हौस कायद्याच्या चौकटीत बसत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मध्ये 2022 साली झालेल्या दुरुस्तीनंतर नागराज, नाग व अजगर पहिल्या परिशिष्टात आहेत. त्यांच्याबाबतच्या गुन्ह्यास 3 ते 7 वर्षे कैद आणि किमान 25 हजार रुपये दंड होऊ शकतो. बॉल पायथनसारखे परदेशी साप साइट्स करारात समाविष्ट असल्याने, 2024 च्या नियमांनुसार त्यांची नोंदणी परिवेश संकेतस्थळावर करणे बंधनकारक आहे. बाजारात पिल्लांची जोडी देऊ करणारे विक्रेते यातले काही सांगत नाहीत; एका पेटीत दोन्ही सुखाने राहतील असे मात्र आवर्जून सांगतात.

गोव्यात व सीमेपलीकडील जोयड्यात पावसाळा सुरू झाला की, घरात शिरलेले साप पकडण्यासाठी सर्पमित्रांना बोलावणी येतात. एका फेरीत दोन-तीन साप मिळणे नवलाचे नसते आणि घाईत ते एकाच पोत्यात जाण्याचा मोह होतो. नुकताच उंदीर खाल्लेली धामण धसक्याने तो ओकते, त्या वासाने शेजारचा नाग चवताळतो. पोते उघडणाऱ्याच्या हातालाही त्यातून धोका असतो. प्रत्येक सापासाठी स्वतंत्र सुती पिशवी, तिच्यावर पकडल्याचे ठिकाण व वेळ लिहिलेली चिठ्ठी, आणि पिशवी सावलीत ठेवणे एवढे पुरेसे आहे. सोडण्यापूर्वी त्याला काही खाऊ घालण्याची गरज नसते. भरल्या पोटाचा साप जड व मंद असतो, आणि अनोळखी रानात उतरल्यावर त्याला प्रथम लपायला जागा हवी असते.