‘क्रेव्ह’ : दाव्यापासून तल्लफेपर्यंत

‘क्रेव्ह’ म्हणजे तीव्र इच्छा करणे, असे आम्ही वर्गात सरसकट सांगतो. प्राचीन इंग्रजीत मात्र ‘क्रावियन’ म्हणजे हक्काने मागणे. आसुसण्याचा अर्थ त्यास १४०० च्या सुमारास जडला. ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये (पहिले मुद्रण १६००) शायलॉक न्यायालयात कायदा मागतो, तो याच क्रियापदाने. तेथे ‘आसुसलो आहे’ म्हटले की त्याचा दावा बुडतो. नुसते ‘मागतो’ म्हटले की सूडाची भूक हरवते. ‘हट्ट’ जवळचा खरा, पण पोरकट.

पुढे शब्द देहाकडे वळला. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या ‘डीएसएम-५’ या निदानपुस्तिकेत (२०१३) व्यसनाच्या निकषांत ‘क्रेव्हिंग’ आले आणि कायदेशीर अडचणींचा निकष गळाला. तेथे आपली ‘तल्लफ’ चपखल बसते. शायलॉकला ती चालणार नाही.