सॉलिड-स्टेट लिथियम-एअर बॅटरी वीज देते तेव्हा आत काय घडतं?

श्रवणयंत्रातला बारीकसा सेल पाहिला असेल. त्याच्यावरचं स्टिकर काढलं की हवा आत शिरते आणि सेल सुरू होतो. त्यात जस्त असतं. लिथियम-एअर बॅटरीत जस्ताच्या जागी लिथियम येतं. हवेतला ऑक्सिजन वापरण्याची युक्ती तीच.

बॅटरी डिस्चार्ज होताना लिथियम धातूचा अणू एक इलेक्ट्रॉन सोडतो. हा इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून मोटरकडे जातो. आपण वापरतो ती वीज हीच. उरलेला लिथियम आयन बॅटरीच्या आतून पलीकडच्या टोकाला, म्हणजे कॅथोडला पोहोचतो. कॅथोड सच्छिद्र असतो, कारण त्यात हवा खेळती राहावी लागते. तिथे आयन, इलेक्ट्रॉन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नवं संयुग तयार होतं आणि तिथेच साठतं. त्यामुळे ही बॅटरी उतरत जाते तशी चक्क जड होते.

सॉलिड-स्टेट म्हणजे आयनांचा हा मधला रस्ता घन पदार्थाचा. आधीच्या बहुतेक प्रयोगांत तिथे द्रव असे. असा द्रव पेट घेऊ शकतो, शिवाय डिस्चार्जमध्ये तयार होणारं सुपरऑक्साइड त्याचीच नासाडी करतं. 2023 मध्ये इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि आर्गॉन नॅशनल लॅबोरेटरीच्या संशोधकांनी 'सायन्स' नियतकालिकात नवी रचना मांडली. तिच्यात पॉलिमरमध्ये लिथियम, जर्मेनियम, फॉस्फरस आणि गंधकाच्या संयुगाचे नॅनोकण मिसळले होते.

खरी मेख मात्र पुढे आहे. ऑक्सिजनचा एक रेणू किती इलेक्ट्रॉन घेतो? सुपरऑक्साइड बनलं तर 1, पेरॉक्साइड बनलं तर 2. आधीच्या बॅटऱ्यांची गाडी साधारण इथेच अडायची. नव्या बॅटरीत ऑक्सिजनच्या दोन अणूंमधला बंधच तुटतो आणि लिथियम ऑक्साइड बनतं: एका रेणूमागे 4 इलेक्ट्रॉन. म्हणजे तेवढ्याच ऑक्सिजनवर पेरॉक्साइडच्या दुप्पट. तेही खोलीच्या साध्या तापमानाला, आणि चार्ज-डिस्चार्जची 1000 आवर्तनं टिकून.

'एका चार्जमध्ये 1600 किलोमीटर' हे फॉरवर्ड यातूनच आले. तो अंदाज आहे. ही बॅटरी लावलेली गाडी रस्त्यावर आलेली नाही. बाहेरची हवा म्हणजे नुसता ऑक्सिजन नव्हे, हीसुद्धा अडचण आहेच. त्यातली वाफ लिथियमला खाते आणि कार्बन डायऑक्साइडमुळे तयार होणारं लिथियम कार्बोनेट कॅथोडची छिद्रं बुजवतं.