अंतर्लसीका आणि श्रवण

अंतर्लसीका : आंतरकर्णातील पातळ पटलांच्या नलिकांत भरलेला द्रव. या नलिका व भोवतालचे हाड यांमध्ये परिलसीका असते. कर्णावर्तात (आंतरकर्णाच्या श्रवणाच्या भागात) दोन्ही द्रव एकमेकांत मिसळू न देणारे नाजूक पटल अर्न्स्ट रायस्नर यांनी 1851 मध्ये वर्णिले.

परिलसीका रक्तद्रवासारखी, म्हणजे सोडियमयुक्त असते. अंतर्लसीकेत मात्र पोटॅशियम लिटरला सुमारे 150 मिलिमोल आणि सोडियम जेमतेम एक मिलिमोल असते. पेशीबाहेरच्या द्रवात असे प्रमाण शरीरात क्वचितच आढळते. कर्णावर्ताच्या बाजूच्या भिंतीतील वाहिनीपट्टा पोटॅशियम सतत आत लोटतो व सुमारे 80 मिलिव्होल्टचे धन विद्युत्‌विभव टिकवतो. ध्वनी टिपणाऱ्या रोमपेशींचे रोम ध्वनीने कलले की पोटॅशियम या विभवामुळे आपोआप पेशीत शिरते. रोमपेशीला त्यासाठी ऊर्जा खर्चावी लागत नाही, तो भार वाहिनीपट्टा उचलतो. फ्युरोसेमाइड या मूत्रल औषधाच्या मोठ्या मात्रेने पट्ट्याचे काम मंदावते, विभव उतरते आणि काही काळ ऐकू येईनासे होते. श्रवणाच्या चर्चेत रोमपेशींना मिळणारे महत्त्व या पट्ट्याला मिळत नाही.

अंतर्लसीका साठून पटल फुगण्याच्या स्थितीस अंतर्लसीकाशोफ म्हणतात. प्रॉस्पर मेनिएर यांनी 1861 मध्ये वर्णिलेल्या विकारात तो आढळतो, हे 1938 मध्ये शवविच्छेदनांतून दिसले. फुगवटा बहुधा कर्णावर्ताच्या टोकाशी सुरू होत असल्याने आधी खालच्या पट्टीतले आवाज मंदावतात. कानात दडे बसतात, गुणगुण होते, 20 मिनिटे ते 12 तास भोवळ येते; श्रवण कमीजास्त होत राहते. शोफ हे विकाराचे कारण की केवळ सोबतचे लक्षण, यावर एकमत नाही.

हुपरी (ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर) येथे पैंजण व घुंगरांचे चांदीकाम मोठ्या प्रमाणावर, पुष्कळसे घरोघरी चालते. अशा ठोकाठोकीच्या व यंत्रांच्या कामात दीर्घकाळच्या मोठ्या आवाजाने होणारा श्रवणऱ्हास मेनिएर विकारातल्याहून वेगळा : तो प्रथम 4,000 हर्ट्‌झच्या आसपास दिसतो, दोन्ही कानांत सावकाश वाढतो आणि मेलेल्या रोमपेशी पुन्हा उगवत नाहीत. स्फोटाच्या दणक्यानंतर उंदरांत अंतर्लसीका वाढल्याचे 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. रोजच्या गोंगाटाला तो निष्कर्ष तसाच लावता येत नाही. कारखाने अधिनियम, 1948 च्या तिसऱ्या अनुसूचीत ध्वनिजन्य श्रवणऱ्हासाचा समावेश होता, परंतु घरगुती कामाच्या जागा सहसा त्या कायद्याच्या कक्षेत येत नसत.

मेनिएर विकारावरील उपचार : मीठ कमी करणे, मूत्रल औषधे, बीटाहिस्टीन. 2016 च्या जर्मन चाचणीत भोवळीच्या झटक्यांवर बीटाहिस्टीन निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले नाही. भारतात ते सर्रास दिले जाते.