दाद मागणे आणि दाद लागणे

आजचा विषय ऐकायला रूक्ष वाटेल: कायदेमंडळाच्या समित्या आणि लोकांची गाऱ्हाणी. पण यात तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न दडलेला आहे. ज्याच्या हातात निर्णय नाही, त्याने ऐकून घेतलं तर त्याला काही अर्थ आहे का?

मराठीत आपण दाद ‘मागतो’, आणि दाद ‘लागते’ किंवा लागत नाही. दाद हा फारसी शब्द, अर्थ न्याय. मागणं आपल्या हातात, लागणं दुसऱ्याच्या. या दोहोंच्या मधल्या जागेत समिती बसते.

आधी इंग्लंडचं बघू. राजाकडे अर्ज करण्याचा हक्क १६८९च्या हक्कांच्या कायद्याने पक्का केला. पुढे पार्लमेंटकडे अर्जांचा इतका पूर आला, की हाउस ऑफ कॉमन्सने १८३३ साली त्यांची छाननी करणारी समिती नेमली. अर्ज वाचायचे, त्यांची वर्गवारी करायची, सह्या मोजायच्या, हे तिचं काम. १८४८ साली मताधिकार मागणाऱ्या चार्टिस्ट लोकांचा प्रचंड अर्ज आला. पुढारी म्हणाले, सह्या ५७ लाख आहेत. समितीने मोजल्या, भरल्या १९,७५,४९६. त्यात खुद्द व्हिक्टोरिया राणी आणि वेलिंग्टनचा ड्यूक यांचीही ‘सही’ निघाली! झालं, सगळी चर्चा खोट्या सह्यांची. उरलेल्या लाखो माणसांचं म्हणणं काय होतं, हे बाजूलाच राहिलं. आता गंमत अशी, की त्यांच्या सहा मागण्यांपैकी पाच पुढे कायद्यात आल्या. म्हणजे मोजणी बरोबर होती, पण ऐकणं झालं नव्हतं.

त्याच सुमारास, १८५२मध्ये, आपल्याकडे नाना शंकरशेट, भाऊ दाजी प्रभृतींनी बॉम्बे असोसिएशन काढली आणि पार्लमेंटकडे अर्ज धाडला. कंपनीच्या सनदेचा विचार चालू होता. कारभारात इथल्या लोकांना वाटा द्या, असं त्यांचं म्हणणं. १८५३च्या कायद्याने कायदेमंडळात एकाही हिंदी माणसाला जागा दिली नाही. दाद मागितली, लागली नाही. पण १८६१च्या कायद्याने दार किलकिलं झालं, आणि मुंबईच्या कायदेमंडळात जाऊन बसले ते हेच नाना.

आता आपल्या संसदेकडे येऊ. दिल्लीच्या मध्यवर्ती विधानसभेत १९२४ साली अशी समिती स्थापन झाली. आज लोकसभेच्या समितीत १५ सदस्य असतात, राज्यसभेच्या समितीत १०. लोकसभेच्या समितीत मंत्री घेत नाहीत. ज्याच्या विरुद्ध गाऱ्हाणं, तोच पंच कसा चालेल? महाराष्ट्र विधानमंडळातही विनंती अर्ज समिती आहे. इथे एक फरक ध्यानात ठेवा: कोर्टातली याचिका वेगळी. कोर्टापुढे असलेला विषय या समितीकडे चालत नाही. लोकसभेकडचा अर्ज मराठीत लिहिला, तर सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर सही करून जोडावं लागतं. समिती खात्याचं म्हणणं मागवते, अर्जदाराला आणि अधिकाऱ्यांना बोलावून ऐकते, शिफारशी करते. नंतर त्यांपैकी किती पाळल्या, याचंही उत्तर सरकारकडून घेते. हुकूम मात्र ती देऊ शकत नाही.

मग उपयोग काय? माजी सैनिकांचं उदाहरण घ्या. समान हुद्दा आणि समान सेवा असेल तर निवृत्तिवेतनही समान असावं, मग माणूस निवृत्त कधीही झालेला असो, ही त्यांची मागणी. राज्यसभेच्या समितीने, तेव्हाचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी (हेच पुढे आपले राज्यपाल झाले), डिसेंबर २०११मध्ये ती मान्य करावी अशी शिफारस केली. सरकारी आदेश निघाला नोव्हेंबर २०१५मध्ये. मधल्या काळात म्हाताऱ्या सैनिकांना जंतरमंतरवर बसावं लागलं. आदेशातल्या तपशिलावरून वाद कोर्टात गेला. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की समितीचा अहवाल म्हणजे सरकारचं धोरण नव्हे.

कायद्याच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. पण म्हणून अहवाल फुकट गेला का? मला तसं वाटत नाही. त्या अहवालामुळे मागणीची व्याख्या ठरली, दोन्ही बाजूंची कारणं कागदावर आली. नंतर जो कोणी ‘नाही’ म्हणेल, त्याला त्या कारणांना उत्तर देणं भाग पडलं. सत्तेला गप्प बसता येणार नाही, एवढं जरी समितीने केलं, तरी ते लहान काम नाही.

मतदानात आपण मोजले जातो. अर्ज करताना आपण कारण सांगतो, आणि कारण एकट्या माणसाचंही खरं असू शकतं. लोकशाहीला दोन्ही लागतं. पण विलंबाने आलेली दाद म्हाताऱ्या माणसाला कितपत उपयोगी पडते? समितीच्या शिफारशीला सरकारने ठरावीक मुदतीत सकारण उत्तर द्यावं, आणि ते सभागृहात चर्चेला यावं, असं बंधन असावं का? माझं उत्तर ‘असावं’ असं आहे. तुमचं काय, ते आता प्रश्नोत्तरांत ऐकू.