ट्रॅप कॅमेऱ्यातील प्रकाश
ट्रॅप कॅमेऱ्यातील प्रकाश : जनावरांच्या वाटेवर झाडाला बांधून ठेवलेला आणि समोरून काही गेले की आपोआप छायाचित्र टिपणारा डिजिटल कॅमेरा म्हणजे ट्रॅप कॅमेरा. बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला सोनाळा हे गाव आहे. त्याच्या वरच्या अंगाला अंबाबरवा अभयारण्य (घोषणा १९९७, क्षेत्र सु. १२७ चौ. किमी.) पसरले आहे. ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पात मोडते, त्यामुळे इथल्या वाघांची मोजदादही याच कॅमेऱ्यांवर अवलंबून असते. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरची जनावरे मोजण्याची रीत मेळघाटात आहेच. पण पौर्णिमेचे चांदणे म्हणजे भर उन्हाचा सुमारे चार लाखावा भाग. माणसाचे सरावलेले डोळे त्यावर निभावून नेतात, छोट्या भिंगाच्या कॅमेऱ्याला ते जमत नाही.

कॅमेऱ्याला जाग आणणारा प्रकाश डोळ्यांना दिसतच नाही. अंगाच्या उबेतून बाहेर पडणाऱ्या अवरक्त किरणांची तरंगलांबी ९ ते १० मायक्रोमीटरच्या आसपास असते. काच हे किरण अडवते, म्हणून संवेदकापुढे पांढुरक्या प्लॅस्टिकचे फ्रेनेल भिंग बसवतात. आत स्फटिकाचे दोन तुकडे असतात. जनावर आडवे गेले की दोहोंवर पडणाऱ्या उष्णतेत क्षणभर फरक पडतो आणि तेवढ्याने कॅमेरा चालू होतो. संवेदक उष्णता मोजत नाही, फरक मोजतो. विदर्भात खरी अडचण होते ती इथेच. मे महिन्यात तापलेली जमीन आणि जनावराचे अंग यांचे तापमान जुळले, की वाघ समोरून गेला तरी कॅमेऱ्याला पत्ता लागत नाही. उलट वाऱ्याने हललेले तापलेले गवत त्याला फसवते आणि कार्ड रिकाम्या चित्रांनी भरते.

रात्री उजेड कॅमेऱ्यानेच द्यावा लागतो. बहुतेक कॅमेऱ्यांत ८५० किंवा ९४० नॅनोमीटरचे अवरक्त दिवे असतात. चित्र टिपणाऱ्या संवेदकाच्या सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन मोकळा करायला १.१२ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. ९४० नॅनोमीटरच्या फोटॉनमध्ये ती १.३२ असते, म्हणजे पुरेशी. तरी हे फोटॉन सिलिकॉनच्या पातळ थरातून बरेचसे न शोषले जाता पार होतात, त्यामुळे चित्र मंद येते. ८५० चे दिवे उजळ चित्र देतात, पण त्यांची मंद लाली जवळून दिसते.

दिवसा रंग मिळतो तो याच चित्र-संवेदकावरच्या लाल, हिरव्या, निळ्या गाळण्यांच्या जाळीमुळे. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांना या रचनेचे पेटंट १९७६ मध्ये मिळाले. अवरक्त किरण मात्र तिन्ही गाळण्यांतून जवळपास सारखेच जातात. म्हणून दिवसा त्यांना अडवणारी वेगळी काच पुढे असते. रात्री ती बाजूला सरकते आणि चित्र कृष्णधवल होते. वाघाचा केशरी रंग जातो, काळे पट्टे राहतात. झाडाची पाने मात्र पांढरी उजळतात, कारण हरितद्रव्य हे किरण शोषत नाही.

अंतर दुप्पट झाले की जनावरावर पडणारा उजेड चौथाई होतो. फोटॉन मुळात विखरून, अनियमित येतात : दहा हजार आले तर चढउतार सुमारे शंभरांचा, म्हणजे एक टक्का, शंभरच आले तर दहाचा, म्हणजे दहा टक्के. लांबच्या चित्रातली रवाळ कणकण यातूनच येते. संगणकाने ती पुसता येते. पण तिच्याबरोबर पट्ट्यांच्या कडाही पुसल्या जातात, आणि वाघाची ओळख असते ती नेमकी त्या कडांत. उजेड भरून काढायला कॅमेरा जास्त वेळ उघडा ठेवला, तर सेकंदाला एक मीटर चालणारा वाघ १/२० सेकंदात ५ सेंटिमीटर सरकतो. पट्टा जेमतेम तेवढाच रुंद, त्यामुळे तो फिसकटतो. ओळखच पटवायची असेल तर पांढरा झेनॉन फ्लॅश सरस, कारण त्याची लकेर साधारण हजारांश सेकंदाची असते. मात्र त्याने जनावर बिचकू शकते.

एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२०च्या दशकात उत्तर भारतात वाटेवर तार लावून, फ्लॅशच्या उजेडात वाघाची छायाचित्रे मिळवली होती. पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखून संख्या काढण्याची पद्धत उल्हास कारंथ यांनी १९९०च्या दशकात नागरहोळेत रुजवली. देशभरच्या २०१८च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले. ३,४८,५८,६२३ चित्रांपैकी वाघांची निघाली ७६,६५१. वाघ कॅमेऱ्याकडे तिरका वळला की पट्टे आखूड दिसतात, म्हणून तुलना करणारी संगणकप्रणाली पट्टे आधी वाघाच्या त्रिमितीय आकृतीवर बसवून घेते. डाव्या आणि उजव्या कुशीचे पट्टे वेगळे असल्यामुळे वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लागतात; ते अगदी समोरासमोर न बांधता थोडे तिरके बांधतात, नाहीतर एकाचा फ्लॅश दुसऱ्याचे चित्र पांढरे करून टाकतो.