शिशाची खाण आणि दगडाचें देऊळ

देवळाचा महोत्सव साजरा करितांना ज्या पूर्वजांनीं त्याचे दगड वाहिले त्यांची आठवण होणें स्वाभाविक आहे. अशा प्रसंगीं परदेशांतील एका लहान नगराची हकीकत वाचकांपुढें ठेवितों. भूमि खरोखर कोणाची, हा प्रश्न तिच्या मुळाशीं आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं आयोवा संस्थानांत, मिसिसिपी नदीच्या पश्चिम तीरावर डुब्यूक हें नगर आहे. वस्ती सुमारें ६० हजार. पुढें नदी व मागें चुनखडीचे उंच कडे, अशी त्याची रचना आहे. ही भूमि मेस्क्वाकी लोकांची. येथील शिसें तेच काढीत असत. सन १७८८ मध्यें ज्युलियन डुब्यूक नांवाच्या फ्रेंच कॅनेडियन गृहस्थास त्यांनीं खाणी चालविण्याची परवानगी दिली. हा प्रदेश त्या वेळीं स्पेनच्या अमलाखालीं होता. डुब्यूकनें १७९६ सालीं स्पॅनिश गव्हर्नराकडून सनद मिळवून खाणींस ‘स्पेनच्या खाणी’ असें नांव दिलें. १८१० सालीं तो कर्जांत असतांनाच वारला. त्याच्या सनदेचा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, व १८५३ सालच्या निकालानें असें ठरलें कीं, त्याला खणण्याची मुभा होती, भूमीची मालकी नव्हे.

परंतु ज्यांनीं ही मुभा दिली त्यांच्या हातीं तरी भूमि कोठें राहिली? १८३२ सालच्या युद्धानंतर तहानें हा प्रदेश त्यांच्याकडून घेण्यांत आला, आणि १८३३ च्या जून महिन्यांत तो गोऱ्या वसाहतवाल्यांस खुला झाला.

खाणकामगारांच्या या वस्तींत मिलान शहरीं जन्मलेले डोमिनिकन संघाचे फादर सॅम्युएल मात्सुकेल्ली १८३५ सालीं आले, आणि महादूत संत राफाएल यांच्या नांवाचें दगडी देऊळ त्यांनीं उभारिलें. १८३७ सालीं येथें धर्मप्रांत स्थापन झाला. पहिले बिशप मथायस लोरास हे फ्रान्स देशचे. ते १८३९ सालीं येथें पोहोंचले. पुढें जुनें देऊळ अपुरें पडूं लागलें, म्हणून १८५७ सालीं सध्यांच्या कथीड्रलचा पाया घालण्यांत आला. बिशपसाहेबांची प्रकृति खालावत चालली होती. त्या नाताळांत अपुऱ्याच इमारतींत त्यांनीं पहिली पवित्र मिस्सा अर्पिली, आणि पुढील फेब्रुवारींत ते प्रभूच्या घरीं गेले. फादर मात्सुकेल्ली १८६४ सालीं वारले. पवित्र सिंहासनानें १९९३ सालीं त्यांना ‘पूज्य’ ही पदवी दिली.

नगरांत पाहण्यासारखें आणखीही पुष्कळ आहे. नदीकांठीं १८५६ सालीं बांधलेला, सुमारें १२० फूट उंचीचा छऱ्यांचा बुरूज आहे. वितळलेलें शिसें वरून चाळणींतून खालीं पाण्यांत सोडीत. पडतां पडतां त्याचे गोल छरे होत. कड्यावर चढणारी २९६ फूट लांबीची दोरगाडी एका सावकारानें १८८२ सालीं बांधविली, कारण पेढीवरून दुपारीं घरीं जाण्यास त्यास कड्याला मोठा वळसा पडे. नगराच्या दक्षिणेस कड्यावर डुब्यूकच्या कबरीवर १८९७ सालीं बांधलेला दगडी मनोरा आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. ज्या वर्षीं कथीड्रलचा पाया घातला गेला, त्याच १८५७ सालीं मेस्क्वाकी लोकांनीं आयोवांतच टामा परगण्यांत ८० एकर जमीन रोख पैसे मोजून विकत घेतली. वाडवडिलांच्या भूमीचा एक तुकडा त्यांस दाम देऊन परत मिळवावा लागला! त्यांचे वंशज आजही तेथें राहतात, आणि ती जमीन आतां कित्येक पटींनीं वाढली आहे.

स्पेनची सनद कागदावरच राहिली, बुरुजांतील भट्टी विझून गेली. कथीड्रलांत मात्र आजही घंटा वाजते. त्या घंटेचा नाद आनंदानें ऐकावा. परंतु ज्यांच्या भूमीवर ती वाजते त्यांचें नांव विसरूं नये. महोत्सवाच्या दिवशीं उपकार स्मरावयाचे ते सर्वांचेच.