व्होलाटाइल (सी प्रोग्रॅमिंग भाषा)

व्होलाटाइल हा सी या प्रोग्रॅमिंग भाषेतील एक राखीव शब्द आहे. चलाच्या प्रकाराला विशेष गुणधर्म जोडणाऱ्या 'टाइप क्वालिफायर' या गटात तो मोडतो. 'या चलाचे मूल्य समोरच्या आज्ञावलीबाहेरील कारणांनीही बदलू शकते', अशी सूचना त्यातून कंपायलरला मिळते. या इंग्रजी शब्दाचा अर्थ 'अस्थिर' असा आहे. १९८९ च्या अमेरिकी प्रमाणकात (एएनएसआय सी) कॉन्स्ट या शब्दाबरोबर त्याचा समावेश झाला.

== कार्य ==

आज्ञावलीचा वेग वाढवण्यासाठी कंपायलर एकदा वाचलेले मूल्य रजिस्टरमध्ये ठेवून पुन्हा वापरतो आणि अनावश्यक वाटणारे लेखन गाळतो. यास ऑप्टिमायझेशन म्हणतात. व्होलाटाइल चलाबाबत मात्र प्रत्येक वाचन व लेखन प्रत्यक्ष करावे लागते आणि अशा क्रियांचा आपसांतील क्रमही राखावा लागतो.

उदाहरणार्थ, सिरियल पोर्ट तयार होईपर्यंत त्याचे स्थितिदर्शक रजिस्टर पुनःपुन्हा तपासणारे आवर्तन घेऊ. व्होलाटाइल नसल्यास कंपायलर ते रजिस्टर एकदाच वाचू शकतो. मग आवर्तन कधीच संपत नाही. ऑप्टिमायझेशन बंद असताना हीच आज्ञावली सहसा बिनचूक चालते, त्यामुळे असा दोष शोधणे कठीण जाते.

== उपयोग ==

* हार्डवेअरची रजिस्टरे: स्मृतीतील पत्त्यांद्वारे वापरली जाणारी रजिस्टरे. केवळ वाचनासाठीच्या रजिस्टरला कॉन्स्ट व व्होलाटाइल हे दोन्ही शब्द लावतात; आज्ञावलीने ते बदलायचे नसते, पण हार्डवेअर ते बदलू शकते.
* इंटरप्ट: इंटरप्ट हाताळणारे फंक्शन व मुख्य आज्ञावली यांतील सामाईक चल.
* सेटजंप व लाँगजंप: या दोन हाकांच्या दरम्यान बदललेले स्थानिक चल व्होलाटाइल नसल्यास त्यांच्या मूल्याची शाश्वती नसते.

पॉइंटरच्या घोषणेत हा शब्द तारकाचिन्हाच्या (*) आधी असल्यास निर्देशित स्थान अस्थिर मानले जाते. नंतर असल्यास पॉइंटर स्वतःच. रजिस्टरांसाठी पहिली रचना लागते.

== मर्यादा ==

व्होलाटाइलमुळे क्रिया अखंड (ॲटॉमिक) होत नाही. ८ बिटांच्या एव्हीआर मायक्रोकंट्रोलरवर १६ बिटांचा गणक दोन टप्प्यांत वाचला जातो. गणक २५५ असताना खालची बाइट वाचून झाली आणि तेवढ्यात इंटरप्टने तो २५६ केला, तर वाचलेले मूल्य ५११ भरते. म्हणून अशा वाचनापुरते इंटरप्ट बंद ठेवतात.

एकाधिक थ्रेडांच्या समन्वयासाठीही हा शब्द पुरेसा नाही. इतर सामान्य चलांवरील क्रियांचा क्रम किंवा प्रोसेसरने केलेली क्रमाची अदलाबदल त्याने रोखली जात नाही. त्यासाठी लॉक किंवा २०११ च्या प्रमाणकातील ॲटॉमिक प्रकार वापरतात. लिनक्स कर्नेलच्या दस्तऐवजांतही बहुतेक ठिकाणी व्होलाटाइल टाळण्याचा सल्ला दिला आहे.

कंपायलरही चुकू शकतात. एरिक आइड व जॉन रेगर यांनी २००८ मध्ये तपासलेल्या तेराही सी कंपायलरांत व्होलाटाइल चलांसाठी चुकीची यंत्रभाषा निर्माण होण्याची उदाहरणे आढळली.

== इतर भाषांत ==

जावा भाषेतील व्होलाटाइलचा अर्थ वेगळा आहे. तेथे एका थ्रेडने केलेले लेखन दुसऱ्याला दिसण्याची आणि त्यांच्या क्रमाची हमी भाषाच देते. त्यामुळे एका भाषेतील सवय दुसरीत नेल्यास चुका संभवतात.